खटले कंपन्यांचे, चित्रं आमची

कुंचला

नमस्कार मंडळी,

मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं आणि मुखपृष्ठं करते, दिवाळी अंकांच्या हंगामात कथाचित्रंही. आमच्या चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्या एआय कंपनीवर खटला झाल्याची बातमी आली की लगेच टाळ्या पडतात. जून २०२५ मध्ये डिझ्नी आणि युनिव्हर्सल यांनी मिळून मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआय कंपनीला लॉस एंजेलिसच्या कोर्टात खेचलं, पाठोपाठ सप्टेंबरमध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीने. दोन्ही वेळा 'आता बसली चपराक' हाच सूर. मला या टाळ्यांबद्दलच बोलायचंय.

डिझ्नी-युनिव्हर्सलची तक्रार ११० पानांची आहे आणि कोणालाही वाचता येते. डार्थ व्हेडर, एल्सा, श्रेक, मिनियन अशी पात्रं घेऊन मूळ चित्राशेजारी मिडजर्नीने काढलेलं चित्र लावलंय. वकिली न शिकलेल्या माणसालाही कळावा इतका ढळढळीत पुरावा आहे. मिडजर्नीला त्यात 'वाङ्मयचौर्याचा तळ नसलेला खड्डा' म्हटलंय. अमेरिकी कायद्यात एकेका कलाकृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते. पण ती मिळणार कोणाला? स्टुडिओला. मिनियनचा तो गोल चष्मा ज्याने कागदावर उतरवला, त्याचा हिशेब पगारात केव्हाच मिटलेला आहे. या खटल्यात वादी आहे तो हक्काचा मालक. चित्र काढणारा वादीही नाही आणि लाभार्थीही नाही.

पुढे काय झालं तेही बघा. डिसेंबर २०२५ मध्ये डिझ्नीने ओपनएआयबरोबर करार जाहीर केला. एक अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दोनशेहून जास्त पात्रं 'सोरा' या व्हिडिओ बनवणाऱ्या साधनात वापरायचा तीन वर्षांचा परवाना. एका एआय कंपनीवर खटला आणि दुसरीशी भागीदारी. मालकाने परवानगी दिली, त्यामुळे कायद्याने यात काहीच वावगं नाही. म्हणजे एवढं आता स्पष्ट आहे की स्टुडिओंचा विरोध यंत्राला नव्हताच, फुकट वापराला होता. आमचा विरोध त्याहून वेगळा आहे आणि तो त्यांच्या वकिलांनी मांडावा अशी अपेक्षाच चुकीची आहे.

चित्रकारांचा स्वतःचा खटलाही आहे, पण त्याची बातमी कोणी फॉरवर्ड करत नाही. सारा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ हे तिघं चित्रकार जानेवारी २०२३ मध्येच, म्हणजे डिझ्नीच्या जवळजवळ अडीच वर्षं आधी, स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि चित्रकारांची वेबसाइट डेव्हियंटआर्ट यांच्याविरुद्ध कोर्टात गेले. न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी आधी बरेचसे दावे फेटाळले, सुधारून आणायला सांगितलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कॉपीराइटचे मुख्य दावे पुढे चालू दिले. मूठभर चित्रकार आणि त्यांचे वकील एवढ्या बळावर हे चाललंय.

आता घरचं सांगते. अलीकडे एका प्रकाशनाकडून मुलांच्या सणांच्या पुस्तकाचं काम आलं. सोबत एआयने केलेली चित्रं आणि निरोप: 'नव्याने काही करायचं नाही, फक्त हात-बोटं नीट करून द्या.' मानधन नेहमीच्या एक तृतीयांश. त्यात एक पान भोंडल्याचं होतं. मुलींचा फेर बरोबर होता, पण मध्ये पाटावर काढलेल्या हत्तीऐवजी झूल घातलेला खराखुरा हत्ती उभा, मुलींच्या हातांत टिपऱ्या आणि अंगात घागरे. गरबा आणि भोंडला यांची सरमिसळ झाली होती. उजेड एकाच वेळी दोन बाजूंनी पडलेला आणि सगळं एकाच थरात, म्हणजे एक मुलगी हलवायची तर मागची भिंत पुन्हा रंगवायची. अशी दुरुस्ती करायला नव्याने चित्र काढण्याइतकाच वेळ जातो. मी नाही म्हटलं. दुसऱ्या कोणीतरी घेतलं असणार, आणि मी त्यांना अजिबात दोष देणार नाही, घरभाडं सगळ्यांनाच भरायचं असतं.

तर प्रश्न असा आहे. कंपन्यांच्या लढाईचा निकाल काहीही लागो, आपल्यासारख्यांच्या हातात नेमकं काय आहे? करारात तुम्ही काय लिहून घेता? लेखक, गायक, डबिंगवाले, छायाचित्रकार, सगळ्यांनी लिहा.

लॉगइन

धागा महत्त्वाचा आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. मी मशीन लर्निंगमध्ये काम करतो. मॉडेलमध्ये चित्रांच्या प्रती ठेवलेल्या नसतात. स्टॅबिलिटी एआयचं चित्रं बनवणारं मॉडेल स्टेबल डिफ्यूजन ज्या लायन-५बी संग्रहातून निवडलेल्या माहितीवर शिकलं, त्या संग्रहात ५.८५ अब्ज चित्र-मजकूर जोड्यांची यादी आहे. खुद्द मॉडेलची फाइल काही जीबींची. इतकी चित्रं त्यात मावणारच नाहीत. उरतात ती चित्रांमधली नाती. जेजेमधला विद्यार्थीही शेकडो जुन्या चित्रकारांची कामं बघूनच शिकतो ना? त्याच्याकडून कोणी परवाना मागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने फोटो पुरवणाऱ्या गेटी इमेजेसने स्टॅबिलिटी एआयवर केलेल्या खटल्यात हेच म्हटलं की मॉडेल स्वतः 'प्रत' ठरत नाही. गेटीला वॉटरमार्कच्या मुद्द्यावर थोडंसं मिळालं, बाकी हरले.

भोंडल्यातला हत्ती हा प्रशिक्षणात मराठी सामग्री कमी असल्याचा परिणाम आहे. ती वाढली की सुधारेल.

कुंचला

लॉगइन, तांत्रिक माहितीबद्दल आभार. प्रतीचा मुद्दा तुम्ही म्हणता तितका एकतर्फी नाही. त्याच महिन्यात म्युनिकच्या न्यायालयाने गेमा या संगीतकार-गीतकारांच्या संस्थेच्या बाजूने ओपनएआयविरुद्ध निकाल दिला. गाण्यांचे शब्द मॉडेलमध्ये पाठ होऊन बसलेत आणि साध्या प्रश्नावर बाहेर येतात, हे तिथे ग्राह्य धरलं गेलं. एकाच महिन्यात दोन देशांत दोन दिशा.

विद्यार्थ्याचा दाखला मला नेहमी दिला जातो. विद्यार्थी शिकतो, वीस वर्षं घासतो आणि मग माझा स्पर्धक होतो. एकच स्पर्धक, ज्यालाही जेवायला लागतं. शिवाय तो शिकत असताना पुस्तकं विकत घेतो, प्रदर्शनांना येतो, मला फोन करून शाई कुठली वापरता म्हणून विचारतो. त्याच्यामुळे आमचं जग वाढतं. लेखकांनी मेटावर, म्हणजे फेसबुकच्या कंपनीवर, केलेल्या खटल्यात न्यायाधीश विन्स छाब्रिया यांनी जून २०२५ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण तो का दिला ते वाचा. लेखकांनी योग्य मुद्दा आणि पुरावा पुढे ठेवला नाही म्हणून. ज्यांच्या कामावर यंत्र शिकलं त्यांचाच बाजार यंत्राच्या मालाने भरून गेला, तर असा वापर बहुतेक वेळा बेकायदा ठरेल असं त्यांनी निकालात लिहून ठेवलंय. माझ्या मते कलाकारांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. डिझ्नी-युनिव्हर्सलला याची तितकी गरज नाही, त्यांच्याकडे एल्सा आणि श्रेक आहेत. माझ्याकडे असं एकही पात्र नाही जे बघून लोक म्हणतील 'हे हिचं'. माझ्याकडे फक्त शैली आहे आणि शैलीला कॉपीराइट नसतो. मार्च २०२५ मध्ये घिबली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओसारख्या चित्रांची लाट आली तेव्हा तेच दिसलं. इतक्या मोठ्या स्टुडिओची ही गत, तर आम्ही कोण?

आणि मराठी सामग्री वाढवा म्हणताय, ती आणायची कुठून? भोंडला बरोबर काढणारी माणसं या धंद्यात टिकली तरच.

मास्तर

शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या शाळेत प्रकल्पांत मुलं सर्रास एआयची चित्रं चिकटवून आणतात. मोटेच्या विहिरीच्या चित्रात बैल विहिरीकडे तोंड करून मोट ओढतायत. मुलांनी मोट पाहिलेली नाही, पालकांनीही नाही. चुकीचं चित्र हेच त्यांच्यासाठी खरं होतं.

बर्बँककर

मी स्टोरीबोर्ड आर्टिस्ट आहे, गेली बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. कुंचला, तुम्ही जे बाहेरून ओळखलंत ते आतून सांगतो.

इथे आम्ही जे काढतो ते 'वर्क फॉर हायर' या तत्त्वाखाली. म्हणजे हक्क आम्ही कंपनीला विकतो असंही नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या चित्राची निर्माती पहिल्यापासून कंपनीच असते. रेघ मारली मी, 'ऑथर' कंपनी. त्यामुळे उद्या कंपनीने माझे दहा वर्षांचे बोर्ड एखाद्या मॉडेलला शिकवायला दिले तर कॉपीराइटच्या आधारे मला तोंड उघडता येत नाही. नैतिक हक्क म्हणून जो प्रकार युरोपात आणि भारतात आहे, तो इथे १९९० च्या कायद्याने मोजक्या चित्रं-शिल्पांपुरता आहे आणि वर्क फॉर हायरला तो लागू नाही.

मग आमच्याकडे काय आहे? युनियन. पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला तेव्हा कुठे करारात आलं की एआयला लेखक मानता येणार नाही आणि लेखकावर एआय वापरायची सक्ती करता येणार नाही. नटांचा संप त्याच वर्षी ११८ दिवस चालला. त्या दिवसांत कितीतरी ओळखीची माणसं दुसरी कामं करत होती, काहींनी शहर सोडलं. आमच्या ॲनिमेशन गिल्डने २०२४ च्या शेवटी जो करार केला त्यात एआय वापरणार असल्याचं कंपनीने कळवावं, चर्चा करावी, एवढं आलं. ते वापरायला नकार द्यायचा हक्क मिळाला नाही. बऱ्याच सभासदांची त्यावर तीव्र नाराजी होती, माझीही.

डिझ्नी-ओपनएआय करारात नटांचे चेहरे आणि आवाज वगळले होते. का वगळले? माझ्या मते, कारण त्यांच्या करारांत ते वगळायला भाग पाडणारी कलमं आहेत. पात्रं काढणाऱ्यांच्या करारांत तशी नाहीत. ज्याच्या कागदावर काही लिहिलेलं आहे त्याला संरक्षण मिळालं, बाकीच्यांना नाही. लेखकांच्या संघटनेने त्या करारावर लगेच कडक निवेदन काढलं, तेवढंच.

आणखी एक. मिडजर्नीने कोर्टात दिलेल्या उत्तरात म्हटलंय की या स्टुडिओंमधलेच लोक आमचे वर्गणीदार आहेत. मला यात नवल वाटलं नाही.

अंकवाला

मी छोटा दिवाळी अंक काढतो, जिल्ह्याच्या ठिकाणाहून. दुसरी बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितोय. कागद महाग, टपाल महाग, जाहिराती आटलेल्या. सहकारी बँका आणि पतपेढ्या पूर्वी पान-पान जाहिरात द्यायच्या, आता शुभेच्छांची चौकट देतात. लेखकांना मानधन देतो, थोडं देतो पण देतो. गेल्या अंकात आतल्या कथांना एआयची चित्रं वापरली, मुखपृष्ठ मात्र चित्रकाराकडून करून घेतलं. सगळ्या कथांना चित्रकार परवडत नाही हे वास्तव आहे. चित्रं न देता अंक काढला असता तर वाचक म्हणाले असते अंक कोरडा झाला. यात मी कोणाच्या तोंडचा घास काढला असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही, कारण ते काम मी कोणाला देऊच शकत नव्हतो.

कुंचला

अंकवाला, मोकळेपणाने लिहिलंत, आवडलं. मुखपृष्ठाला चित्रकार ठेवलात याचं महत्त्व मी जाणते. कथाचित्रांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. आमच्या पिढीतले जवळजवळ सगळे मुखपृष्ठापर्यंत पोचले ते कथाचित्रांमधून. काळ्या शाईत, एका दुपारीत, दीडशे शब्दांचा सारांश वाचून काढलेली चित्रं. तिथे हात तयार होतो, संपादकाशी ओळख होते, चुका चालून जातात. चित्रकार दीनानाथ दलालांच्या काळापासून मराठी अंकांनी ही शाळा चालवली. ती बंद झाली की पाच वर्षांनी मुखपृष्ठाला माणूस मिळणार नाही. दहा कथांना दहा चित्रं परवडत नसतील तर तीनच करून घ्या. उरलेल्या कथा चांगल्या टायपात मोकळ्या जागेसह छापा, सुंदर दिसतात. एखाद्या कला महाविद्यालयातल्या मुलाला विचारा. पैसे थोडे असले तरी चालतील, पण नाव ठळक छापा.

धंद्याच्या अंगानेही एक गोष्ट ध्यानात घ्या. निव्वळ यंत्राने केलेल्या चित्राला अमेरिकेत कॉपीराइटच मिळत नाही. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने थेलर यांच्या खटल्यात निर्माता माणूसच हवा हे कायम केलं. पुस्तकाचं मुखपृष्ठ असं असेल आणि उद्या कोणी उचललं, तर प्रकाशक कशाच्या जोरावर अडवणार?

काळाकोट

वकील आहे, बौद्धिक संपदेची कामं बघतो. भारतीय कायद्याबद्दल इथे फार कमी बोललं जातंय, म्हणून जरा सविस्तर. १९५७ चा कॉपीराइट कायदा, २०१२ ची दुरुस्ती धरून.

कलम १७ पासून सुरुवात करू. सर्वसाधारण नियम: निर्माता हाच पहिला मालक. अपवाद बरेच. नोकरीत केलेलं काम मालकाचं. पण वर्तमानपत्र किंवा मासिकाच्या नोकरीत असाल तर मालकाला फक्त वर्तमानपत्रं-मासिकांतल्या प्रकाशनापुरता हक्क, बाकीचा तुमचा. जुन्या साप्ताहिकांत पगारावर असलेल्या चित्रकारांच्या घरच्यांनी हे जरूर वाचावं. दुसरा अपवाद धोक्याचा आहे. कोणी मोबदला देऊन फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काम देणारा. कायद्याच्या व्याख्येत 'पेंटिंग' आणि 'ड्रॉइंग' हे वेगळे प्रकार आहेत, त्यामुळे रेखाचित्राला हा अपवाद लागू होत नाही असा युक्तिवाद करता येतो. पण त्या युक्तिवादाची वेळच येऊ देऊ नका. काम सुरू करण्याआधी एका ओळीत लिहून घ्या की कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.

कलम १९: हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच मोठ्या कंपन्यांच्या करारात 'संपूर्ण विश्वात, चिरकाल' असली भाषा येते.

कलम १८ मधलं २०१२ साली आलेलं परंतुक या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. करार झाला तेव्हा जे माध्यम किंवा वापराची जी पद्धत अस्तित्वात नव्हती किंवा व्यापारी वापरात नव्हती, तिला ते हस्तांतरण लागू होत नाही, करारात तिचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. २०१५ साली तुम्ही मुखपृष्ठाचे सगळे हक्क दिले असतील, तरी एआय प्रशिक्षण ही तेव्हा व्यापारात नसलेली पद्धत होती, असं म्हणायला इथे चांगली जागा आहे. यावर अजून लढाई व्हायची आहे. पण नव्या करारात 'मशीन लर्निंग' किंवा 'भविष्यातील सर्व तंत्रज्ञान' हे शब्द सरसकट येऊ लागलेत ते याचमुळे. ते शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

कलम ५७, नैतिक हक्क. कॉपीराइट विकला तरी नाव लावून घेण्याचा आणि विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा हक्क निर्मात्याकडे राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारने उतरवून गोदामात टाकलं, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत द्यायला लावलं, वर पाच लाख रुपये भरपाई. मालकी सरकारची असूनही.

बर्बँककर म्हणतात ती 'ऑथर कंपनी' आपल्याकडेही आहे, सिनेमात. कलम २(ड) प्रमाणे चित्रपटाचा निर्माता म्हणजे प्रोड्यूसर हाच 'ऑथर'. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती एआयने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनी जाहीर विरोध केला. मूळ शेवटात मरणारा नायक नव्या शेवटात जगतो. बारा वर्षांपूर्वीच्या चित्रपटाचा अर्थच उलटा झाला आणि ज्यांनी तो केला त्यांच्या हातात निषेधाचं पत्रक उरलं. तिथे बाहेरची कुठलीही एआय कंपनी चोरी करत नव्हती. हक्कांचा मालकच ते करत होता. कुंचला यांच्या मुद्द्याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आवाजवाली

काळाकोट, वाचनखूण साठवली. मी डबिंग करते, मराठी आणि हिंदी. जाहिराती, कार्टून, बँकांचे फोनवरचे आवाज.

आमच्याकडे एक नवीन प्रकारचं काम येतं. 'डेटा रेकॉर्डिंग' म्हणतात. स्टुडिओत बसवतात, पडद्यावर एकामागून एक वाक्यं येतात. एकमेकांशी संबंध नसलेली. आकडे, गावांची नावं, तारखा, मग तेच वाक्य आनंदात, रागात, कुजबुजत. हुंकारसुद्धा वेगळे घेतात. तासावर पैसे मिळतात आणि डबिंगच्या मानाने बरे मिळतात. कागदावर लिहिलेलं असतं 'संशोधनासाठी'. माझ्या एका मैत्रिणीने केलं. नंतर एका ॲपच्या जाहिरातीत तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, तिने कधीच न म्हटलेली वाक्यं बोलणारा. विचारायला गेली तर कागद दाखवला, सही तिचीच. न्यू यॉर्कमध्ये दोन व्हॉइस आर्टिस्टनी अशाच प्रकारावर कंपनीला कोर्टात नेलंय. जुलै २०२५ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी कॉपीराइटचे बहुतेक दावे काढून टाकले, पण कराराच्या भंगाचा आणि राज्याच्या कायद्याखालचा दावा पुढे चालू दिला. म्हणजे तिथेही वाचवलं ते कराराने.

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशाताईंना संरक्षण दिलं. त्यांच्या आवाजाची नक्कल करणारी साधनं उपलब्ध करून देणं हाच त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा भंग आहे, असं कोर्टाने म्हटलं. वाचून फार बरं वाटलं. आशाताईंचा आवाज कोणी ढापावा हे ऐकूनच संताप येतो. पण तो आदेश त्यांच्या कीर्तीवर उभा आहे. माझा आवाज लाखो लोकांनी ऐकलाय आणि कोणालाही माझं नाव माहीत नाही. डबिंगवाल्याची कीर्ती कशी सिद्ध करायची?

ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये 'लाल सलाम'च्या एका गाण्यात दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले. घरच्यांची परवानगी घेतली, मानधन दिलं आणि हे स्वतः जाहीर सांगितलं. काही लोकांना तेही रुचलं नाही. मला वाटतं निदान रीत तरी अशीच असावी: आधी विचारणं, मग पैसे, आणि लपवाछपवी नाही.

नभा

सरकारचं काय चाललंय ते कोणीच लिहिलं नाही म्हणून. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाच्या, म्हणजे डीपीआयआयटीच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये कार्यपत्रिका काढली. प्रस्ताव असा: एआय कंपन्यांना कायदेशीर मार्गाने मिळवलेल्या सगळ्या सामग्रीवर प्रशिक्षण करायचा सक्तीचा सरसकट परवाना. बदल्यात जागतिक महसुलाचा ठरावीक भाग रॉयल्टी म्हणून. ती एक मध्यवर्ती संस्था गोळा करणार आणि हक्कधारकांना वाटणार. नकार द्यायचा पर्याय निर्मात्याला नाही.

दुसरीकडे एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यात प्रकाशकांच्या संघटना आणि संगीत कंपन्याही उतरल्या. पुन्हा तेच, सगळे मालक.

पैसे वाटपाचं सांगायचं तर अँथ्रोपिक या एआय कंपनीने लेखकांशी केलेल्या तडजोडीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी जून २०२५ मध्ये म्हटलं की प्रशिक्षण हा रास्त वापर आहे, पण पायरेटेड पुस्तकांचा साठा करणं नाही. त्यावर दीड अब्ज डॉलरची तडजोड झाली. जवळजवळ पाच लाख पुस्तकं, दर पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. पण पात्र कोण? ज्या पुस्तकाची अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदणी झाली होती तेच. मराठीत लिहिणारा किंवा इथे छापणारा कोण तिथे नोंदणी करतो? आणि पात्र पुस्तकाच्या पैशातही प्रकाशकाचा वाटा आलाच.

लॉगइन

नभा, या मॉडेलचा एक फायदा मला दिसतो. छोट्या भारतीय कंपन्यांना एकेका चित्रकाराला शोधून परवाना मागणं अशक्य आहे. नियम एकच असेल तर त्या प्रामाणिकपणे पैसे भरतील. आत्ता काय होतंय? मोठे लोक करार करतात, लहान लोक गुपचूप वापरतात. नकाराचा हक्क हवा हे मात्र मला पटतंय, निदान जिवंत माणसाच्या आवाजाला आणि चेहऱ्याला तरी हवाच.

कुंचला

लॉगइन, इथे आपण बरेच जवळ आलो. माझा आक्षेप सक्तीला तर आहेच, त्याहून वाटपाला आहे. संगीतवाल्यांकडे आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था आहे. कुठलं गाणं कुठे वाजलं याची नोंद ठेवायची सवय आहे. त्यांनाही २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत भांडावं लागलं, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी उभे राहिले. चित्रांच्या बाबतीत कुठलं चित्र कुठे वापरलं याची यादीच नाही. रॉयल्टी 'हक्कधारकाला' म्हटली की ती पुन्हा प्रकाशकाच्या खात्यात. त्या मध्यवर्ती संस्थेच्या टेबलावर चित्रकारांच्या वतीने कोण बसणार, हे आत्ताच विचारायला हवं. आणि आपल्या हातात कागद नसेल तर विचारूनही उपयोग नाही.

काळाकोट, एक विनंती. आम्हाला जसाच्या तसा वापरता येईल असा मजकूर द्याल का? एका परिच्छेदाचा, ईमेलमध्ये चिकटवता येण्यासारखा. लांब करारपत्र पाठवलं की लहान प्रकाशक घाबरतात.

काळाकोट

आनंदाने. हा घ्या:

'सोबतचे चित्र फक्त ____ या पुस्तकाच्या/अंकाच्या मराठी छापील व ई-आवृत्तीसाठी, ____ वर्षांकरिता वापरण्याचा परवाना चित्रकार देत आहे. चित्राचा व कच्च्या रेखाटनांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्रकाराच्या स्वतंत्र लेखी संमतीशिवाय हे चित्र कोणत्याही एआय प्रणालीच्या प्रशिक्षणासाठी देता येणार नाही, अथवा त्यावरून एआयच्या साहाय्याने दुसरे चित्र तयार करता येणार नाही. चित्रकाराचे नाव ____ पानावर छापले जाईल.'

आवाजासाठी 'चित्र'च्या जागी 'ध्वनिमुद्रण' लिहा आणि एक ओळ वाढवा: 'या ध्वनिमुद्रणावरून कलाकाराच्या आवाजाची कृत्रिम प्रतिकृती तयार करता येणार नाही.' आवाजवाली, कीर्ती सिद्ध करण्यापेक्षा ही एक ओळ फार सोपी आहे. जिथे ती मान्य होत नाही, तिथे निदान 'संशोधनासाठी' या शब्दापुढे 'व्यापारी वापर वगळून' एवढं लिहून घ्या.

ईमेलला 'मान्य' असं उत्तर आलं की ते जपून ठेवा. चित्र त्यानंतरच पाठवायचं, आधी नाही.

अंकवाला

हा मजकूर येत्या अंकापासून आमच्याकडूनच चित्रकारांना पाठवीन, त्यांनी मागायची वाट बघणार नाही. आणि तीन कथांची चित्रं करून घ्यायचं ठरवलंय. एक शंका: मुखपृष्ठ आम्ही जाहिरातीसाठी फेसबुक, इन्स्टाग्रामवर टाकतो. तिथून ते प्रशिक्षणात गेलं तर कलम मोडलं असं होईल का?

काळाकोट

चांगला प्रश्न. 'प्रसिद्धीसाठी समाजमाध्यमांवर लहान आकारातील प्रत टाकण्यास मुभा' असं एक वाक्य जोडा, म्हणजे तुमच्यावर दोष येणार नाही.

कुंचला

लहान प्रत मीच करून देत जाईन, लांब बाजू हजार पिक्सेलची, सहीसकट. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेलं ग्लेझ हे साधन फुकट आहे, ते लावूनच मी प्रत पाठवते. शैली उचलणं त्याने अवघड होतं, पूर्ण थांबत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका चित्राला बराच वेळ लागतो, तेव्हा मुखपृष्ठ जाहीर करायच्या आदल्या दिवशी तरी सांगा.

आणि तीन कथांसाठी माणसं हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, अभिनव कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षातली दोन मुलं शाईत फार छान काम करतायत, त्यांचे नमुने पाठवते.